वसई (बंदर, किल्ला आणि किनारा)

वसई हे मुंबईच्या उत्तरेला, खाडीच्या तोंडावरचं जुनं बंदर, आता पालघर जिल्ह्यात आणि वसई-विरार महापालिकेत येतं. मुंबईकराला वसई म्हटलं की विरार लोकलची गर्दी आणि नवे टॉवर आठवतात, पण तो झाला वसई रोड स्टेशनच्या आजूबाजूचा भाग, जुनी वसई तिथून सहा-सात किलोमीटर पश्चिमेला, वसईगाव, किल्ला, पाचूबंदरचा कोळीवाडा आणि सुरुच्या झाडांचा किनारा अशी एका पट्ट्यात आहे. लोक बहुतेक वेळा किल्ला एका रविवारी बघतात आणि बीचवर दुसऱ्या कधीतरी जातात, पण हे सगळं मिळून एकच बंदर आहे आणि तसंच बघितलं तर नीट कळतं.

बंदर इथेच का, तर खाडीमुळे. उल्हास नदी इथे समुद्राला मिळते, त्यामुळे आत ठाणे, कल्याणपर्यंत होड्या जायच्या आणि तोंडाशी बसलेल्या माणसाच्या हातात सगळी ये-जा यायची. त्याच्याही आधी शेजारचं सोपारा, म्हणजे आजचा नालासोपारा, मोठं बंदर होतं, अशोकाच्या शिलालेखांचे तुकडे तिथे मिळालेत, आणि एक तुकडा तर १९५६ साली भुईगावला सापडला, जिथे लोक आज बीचवर फिरायला जातात.

गुजरातच्या बहादूरशहाने डिसेंबर १५३४ च्या तहात वसई पोर्तुगीजांना दिली, आणि तिच्याबरोबर मुंबईची बेटंही. म्हणजे त्या काळात मुंबई वसईच्या हाताखाली होती, हे आज लोकलमध्ये उभं राहून जाताना कोणाच्या लक्षातही येत नाही. पोर्तुगीजांनी इथे तट बांधून आत अख्खं शहर वसवलं, चर्च, मठ, हॉस्पिटल, वाडे, आणि उत्तरेकडच्या सगळ्या ठाण्यांचा कारभार इथूनच चालायचा. जहाजं बांधली जायची, आणि वसईचा दगड तर बांधकामाला गोव्यापर्यंत जायचा. जपानमध्ये नागासाकीला १५९७ साली क्रुसावर मारला गेलेला आणि १८६२ साली संत म्हणून जाहीर झालेला गोन्सालो गार्सिया याच गावचा, त्याचा सण वसईत आजही मोठा असतो.

मग १७३९. चिमाजी आप्पांनी वेढा घातला, तीनेक महिने चालला, दोन्हीकडची खूप माणसं पडली. वसई जमिनीच्या बाजूने घेणं किती अवघड होतं ते तिथे उभं राहिलं की समजतं, कारण तीन बाजूंना पाणी आणि दलदल, हल्ल्याला जागा फक्त उत्तरेकडून, ती पण वाळूची. मराठ्यांनी खंदक खणत खणत तटाखाली सुरुंग लावले, सॅन सेबॅस्टियन बुरुजाकडे खिंडार पडलं आणि मे महिन्यात पोर्तुगीजांनी तह करून किल्ला सोडला, त्यांना बायकामुलांसह आणि मानाने जाऊ दिलं गेलं, हे मला त्या विजयाइतकंच मोठं वाटतं. इथल्या चर्चच्या घंटा मग महाराष्ट्रातल्या देवळांत गेल्या, नाशिकच्या नारोशंकराची घंटा, वाईजवळ मेणवलीची, भीमाशंकरची. नंतर १७८० मध्ये इंग्रजांनी वसई घेतली, सालबाईच्या तहाने परत दिली, आणि ३१ डिसेंबर १८०२ ला दुसऱ्या बाजीरावाने इथेच इंग्रजांशी जो तह केला त्यात मराठी राज्याचं स्वातंत्र्यच गेलं.

किल्ल्यात आज छपरं फारशी उरलेली नाहीत, चर्चच्या उंच भिंती, कमानी आणि ताडमाडाची झाडं. घाईत असाल तर बाकीचं सोडा पण सेंट अँथनीच्या, म्हणजे फ्रान्सिस्कन लोकांच्या चर्चमध्ये खाली बघून चाला. जमिनीत थडग्यांचे दगड बसवलेत, त्यांवर पोर्तुगीज भाषेत नावं आणि घराण्याची चिन्हं कोरलेली आहेत, काही पायांनी झिजून गुळगुळीत झालीत, काहींची अक्षरं अजून बोटाला लागतात. त्याच दगडांवर ट्रायपॉड ठेवून प्रीवेडिंगचे शूट चालतात आणि भिंतींवर बदाम आणि नावं कोरलेली दिसतात, खूप वाईट वाटतं, ही शेवटी कबरस्तानाची जागा आहे आणि किल्ला पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणात आहे. आत नागेश्वराचं देऊळही आहे, लोक रोज दर्शनाला येतात.

दर्या दरवाजातून बाहेर पडलं की जेट्टी आणि होड्या, आणि इथे येऊन परत फिरू नका, पाचूबंदरकडे जा. इथले बरेचसे कोळी ख्रिस्ती, होड्यांवर क्रूस आणि झेंडे. पावसाळा संपून मासेमारी परत सुरू झाली की बांबूच्या उंच मांडवांवर आडव्या दोऱ्या बांधून बोंबील सुकत घातलेले असतात, घालायची पद्धत बघण्यासारखी आहे, दोन बोंबील घेऊन एकाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवतात आणि ती जोडी दोरीवर टाकतात, ना गाठ ना काटा, वाऱ्यात हलतात पण पडत नाहीत. पोर्तुगीज गेले, पेशवे गेले, इंग्रज गेले, पण बंदर चालू आहे ते या लोकांमुळे. फोटो काढण्याआधी विचारावं आणि सुकी मासळी घ्यायची तर बायकांकडूनच घ्यावी.

किनारा म्हणाल तर सुरुची बाग किल्ल्याला सगळ्यात जवळ, वर भुईगाव, कळंब, राजोडी करत अर्नाळ्यापर्यंत पट्टा जातो. वाळू करडी, घट्ट, आणि उतार इतका कमी की ओहोटीला पाणी खूप लांब जातं. इथेच लोक फसतात, कारण सपाट किनाऱ्यावर भरती परतताना पटकन पसरते आणि मागच्या खोलगट जागांत आधी भरते. कोकण किनाऱ्यावरचा जुना हिशोब लक्षात ठेवा, तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ येते, चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या, अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे, आणि ओहोटी त्यापासून सहा तासांवर. पौर्णिमा-अमावास्येला उधाण असतं, पावसाळ्यात तर पाण्यात उतरूच नये.

चर्चगेटहून वसई रोडला फास्ट लोकलने तासाभरात पोचता येतं, पुढे बस किंवा शेअर रिक्षा. वाटेत वाड्या लागतात, केळी, पानवेली, फुलं, इथली फुलं आणि भाजी लोकलनेच दादरला जाते. राजेळी केळी उन्हात सुकवून केलेली सुकेळी मिळाली तर सोडू नका, रंग गडद मधासारखा आणि चव नुसती गोड नसते, जरा खरपूस असते. फेब्रुवारी २०२४ पासून भाईंदर-वसई रोरो बोटही चालू झालीये, गाडीसकट खाडी ओलांडता येते, हायवेचा सगळा वळसा वाचतो, आणि मला विचाराल तर वसईला पहिल्यांदा जाणाऱ्याने बोटीनेच जावं, कारण तट पाण्यातून दिसायला लागतो आणि खाडीच्या तोंडाशी किल्ला का बांधला हे कोणी सांगायची गरज राहत नाही.