सोन्याच्या सफरचंदाने शिंगरू वेगवान होत नाही

माइनक्राफ्ट या व्हिडिओ गेममध्ये २०१३ साली घोडे आले. घोड्यांच्या जोडीला सोनेरी गाजराऐवजी सोनेरी सफरचंद चारलं की शिंगरू सरस निघतं, असं अनेक जण अजूनही सांगतात. ते खरं नाही. दोन्हींचं काम एकच, पाळलेली जोडी जुळवणं. सफरचंदाला सोन्याचे ८ इंगॉट (विटा) लागतात, गाजराला ८ नगेट (बारीक तुकडे). आणि एका इंगॉटचे ९ नगेट होतात! तेव्हा गाजरच चारा.

वेग, उडी आणि जीव (किती मार सोसतो ते) येतात आई-बापाकडून. गेमच्या संगणकावरच्या जावा आवृत्तीत १.१९.४ या अपडेटपूर्वी त्यांच्या आकड्यांत तिसरा, निव्वळ नशिबाचा आकडा मिसळून सरासरी निघायची, म्हणून उत्तम जोडीचंही शिंगरू बहुतेकदा मागे पडायचं. आता चढउतार आई-बापाच्या गुणांभोवतीच होतो. शिंगरू सरस निघालं, तर ते मोठं झाल्यावर जोडीतल्या कमी वेगाच्या घोड्याच्या जागी घ्या.