मोठा टीव्ही घ्यायचाय? आधी टेप घेऊन हॉल मोजा

शोरूममध्ये उभं राहून टीव्ही निवडणं ही माझ्या मते सगळ्यात वाईट पद्धत आहे, आणि आपण सगळे नेमकं तेच करतो. तिथे डोक्यावर पांढरेफटक लाइट, टीव्ही 'व्हिविड' मोडवर, म्हणजे ब्राइटनेस आणि रंग दोन्ही चढवलेले, पांढरा मुद्दाम निळसर केलेला, आणि पडद्यावर पोपट, फुलं, रात्रीच्या इमारती असला खास त्याच कामासाठी शूट केलेला व्हिडिओ. घरी आणल्यावर त्याच पडद्यावर आपण लावणार डिशवरचं साधं एसडी चॅनल. त्यात 720 गुणिले 576 म्हणजे जेमतेम 4 लाख 15 हजार पिक्सेल असतात आणि 4के पडद्यावर असतात जवळपास 83 लाख, म्हणजे टीव्हीला आलेल्या एका पिक्सेलचे 20 करायचे असतात, त्यातले 19 स्वतःच्या अंदाजाने. मग मालिकेतल्या सासूबाईंचा चेहरा मेणाचा दिसला तर त्यात नवल काय.

आता 22 सप्टेंबर 2025 पासून 32 इंचापेक्षा मोठ्या टीव्हीवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्के झाल्यावर तर 'थोडा अजून मोठाच घेऊ' हे वाक्य घरोघरी ऐकू येतंय. घ्या की, मी तर म्हणतो मोठाच घ्या, पण लाखाच्या वर पैसे घालणार असाल तर आधी दोन गोष्टी बघा: सोफ्यापासून पडदा किती लांब आणि हॉलमध्ये उजेड किती. बाकीचं नव्वद टक्के उत्तर यातूनच निघतं, आणि ते सेल्समनला माहीत नसतं कारण त्याने तुमचा हॉल बघितलेला नसतो.

आधी अंतर. आपल्याकडच्या टू बीएचकेचा हॉल धरा 10 बाय 15 चा. सोफा एका लांब भिंतीला, टीव्ही समोरच्या. भिंत ते भिंत 10 फूट असले तरी टेप डोळ्यापासून पडद्यापर्यंत लावायची असते, त्यात सोफ्याची पाठ आणि इकडचं टीव्ही युनिट गेलं की हातात राहतात 8 फूट, म्हणजे साधारण 2.44 मीटर. पडद्याने डोळ्यासमोर आडवा किती अंशाचा कोन व्यापावा याचे होम थिएटरवाल्यांचे दोन आकडे ठरलेले आहेत, 30 अंश म्हणजे ठीकठाक आणि 40 अंश म्हणजे थिएटरची मजा. 8 फुटांवरून 30 अंशाला लागतो सुमारे 60 इंची टीव्ही आणि 40 अंशाला 80 इंची. म्हणजे ज्या हॉलमध्ये आपण '43 खूप झाला' म्हणत होतो तिथे 65 ही खालची बाजू आहे आणि 75 अगदी आरामात बसतो. इंच हे तिरके मोजलेले असतात त्यामुळे फरक कमी वाटतो, पण क्षेत्रफळ वर्गाने वाढतं, 55 च्या मानाने 65 चा पडदा 40 टक्के मोठा आणि 75 चा 86 टक्के.

आता 4के चं. 6/6 नजर म्हणजे डोळा एका अंशाचा साठावा भाग वेगळा ओळखू शकतो. या हिशोबाने 65 इंची पडद्यावर फुल एचडीचे, म्हणजे 4के च्या पाव हिश्शाइतकेच, पिक्सेल सुमारे 2.6 मीटरच्या, म्हणजे साडेआठ फुटांच्या पलीकडून दिसेनासे होतात. तेव्हा 8 फुटांवरून 65 इंची बघणाऱ्याला 4के आणि फुल एचडी यातला फरक अगदी काठावर कळतो, थोडी तीक्ष्ण नजर असेल तर जास्त. 4के चा पैसा वसूल करायचा तर एकतर जवळ बसा नाहीतर पडदा मोठा घ्या. आणि 8के, म्हणजे 4के च्या चौपट पिक्सेल? 65 इंचावर 4के चे पिक्सेलच दिसायला 1.3 मीटरवर जावं लागतं, 8के चे दिसायला 65 सेंटिमीटरवर. तिथे कुणी बसत नाही, बसलं तर आई ओरडते. त्यामुळे 8के वर मी एक रुपयाही घालणार नाही.

मग पैसे घालायचे कशावर? काळ्यावर. डोळ्याला चित्र 'खरं' वाटतं ते मुख्यतः उजेड-अंधारातल्या फरकामुळे, म्हणजे कॉन्ट्रास्टमुळे, आणि महागड्या टीव्हीची सगळी भांडणं शेवटी एका प्रश्नावर येतात की काळं किती काळं दाखवता येतं.

एलसीडी टीव्हीत, आणि दुकानात ज्याला नुसतं एलईडी किंवा क्यूएलईडी म्हणतात तोही एलसीडीच, मागे बॅकलाइट कायम पेटलेला असतो आणि पुढचे द्रवस्फटिक खिडकीच्या झडपांसारखे उघडबंद होतात. झडप पूर्ण बंद केली तरी फटीतून थोडा उजेड येतोच. आयपीएस प्रकारच्या पॅनलमध्ये पांढऱ्याच्या साधारण हजारावा भाग गळतो, म्हणजे 500 निट्सचा पांढरा असेल तर काळा अर्धा निट, आणि अंधाऱ्या खोलीत अर्धा निट म्हणजे चक्क राखाडी. (निट हे पडद्याच्या तेजाचं माप, एका चौरस मीटरमागे एक कँडेला.) व्हीए प्रकारच्या पॅनलमध्ये गळती याच्या तिसऱ्या-पाचव्या हिश्शावर येते पण ते समोरून, बाजूने बघितलं की काळा उडतो आणि रंग फिके पडतात. आपल्या घरात हे महत्त्वाचं आहे कारण सोफ्यावर मधोमध एकच माणूस बसतो, बाकीचे दिवाणावर, खाली चटईवर, एखादा स्वयंपाकघराच्या दारात उभा.

या गळतीवरचा उपाय म्हणजे बॅकलाइटचेच तुकडे करायचे आणि जिथे चित्र काळं आहे तिथला तुकडा मंद करायचा. याला लोकल डिमिंग म्हणतात आणि मिनी एलईडी म्हणजे हेच, फक्त दिवे बारीक आणि झोन भरपूर. 'हजार झोन' ऐकायला खूप वाटतं, पण 65 इंची पडद्याला भागून बघा, एक झोन येतो साधारण साडेतीन सेंटिमीटर चौकोनाचा आणि त्याच्या वाट्याला 8 हजारावर पिक्सेल. त्या 8 हजारात एखादी चांदणी पेटली की झोन पेटतो आणि चांदणीभोवती उजेडाचं वलय येतं. तुम्ही रात्री दिवे बंद करून मल्याळम सिनेमे सबटायटल लावून बघणाऱ्यातले असाल तर हे वलय रोज भेटेल, काळ्या पट्टीवर पांढरी अक्षरं, त्याभोवती धुरकट उजेड. एकदा दिसलं की मग दिसतच राहतं. झोन जितके जास्त तितकं हे कमी, म्हणून मिनी एलईडी घेताना ब्राइटनेसच्या आकड्याआधी झोनचा आकडा विचारा, बहुतेक वेळा ब्रोशरमध्ये तो लिहिलेलाच नसतो आणि नसला की काय ते समजून जा.

ओएलईडीत बॅकलाइट नाहीच. प्रत्येक पिक्सेल म्हणजे कार्बनी रसायनांचा अतिपातळ थर, वीज दिली की स्वतः उजळतो, नाही दिली की बंद. काळा म्हणजे शून्य. ईस्टमन कोडॅकच्या चिंग टांग आणि स्टीव्हन व्हॅन स्लाइक यांनी 1987 मध्ये याचं चांगलं चालणारं उपकरण मांडलं, 2007 मध्ये सोनीने 11 इंची टीव्ही काढला आणि 2013 मध्ये एलजीचा 55 इंची आला. एलजीचं पॅनल पांढरा उजेड तयार करून त्यावर रंगीत फिल्टर लावतं. सॅमसंगने 2022 मध्ये आणलेल्या क्यूडी-ओएलईडीत निळा ओएलईडी आणि त्यापुढे क्वांटम डॉट असतात, हे काही नॅनोमीटरचे कण निळा उजेड गिळून लाल किंवा हिरवा बाहेर टाकतात, कण मोठा असेल तर लाल, त्याहून लहान असेल तर हिरवा. पदार्थ तोच, फक्त आकार बदलला की रंग बदलतो, मला अजूनही ही गोष्ट जादूसारखी वाटते. याच क्वांटम डॉटच्या कामासाठी 2023 चं रसायनशास्त्राचं नोबेल बावेंडी, ब्रुस आणि एकिमोव्ह यांना मिळालं. क्यूएलईडी टीव्हीत हेच कण बॅकलाइटच्या पुढे फिल्ममध्ये असतात, त्यामुळे रंग छान येतात पण काळ्याची रड तीच राहते.

मग सरळ ओएलईडीच घ्यावा ना? इथे उजेडाचा मुद्दा येतो आणि बरेच जण इथेच फसतात. समजा दुपारची वेळ आहे, बाल्कनीचं स्लायडिंग उघडं आहे, पडद्यावर 100 लक्स इतकाच उजेड पडतोय आणि पडदा त्यातला फक्त 1 टक्का सगळीकडे विखरून परत फेकतोय. (लक्स हे एखाद्या जागेवर पडणाऱ्या उजेडाचं माप.) गणित केलं तर पडद्यावर 0.3 निट्सचा उजेड बाहेरूनच चढला. झालं, तुमचा शून्य काळा आता 0.3 झाला आणि 300 निट्सच्या पांढऱ्याशी त्याचं गुणोत्तर उरलं हजाराला एक. जाहिरातीत अनंत कॉन्ट्रास्ट लिहिला होता तो बाल्कनीतून उडून गेला. उजेड 500 लक्स असेल तर अजून पाचपट वाईट. क्यूडी-ओएलईडीत तर बाहेरचा उजेड शोषणारी पुढची पोलरायझर फिल्म नसते, त्यामुळे खोलीत उजेड असला की त्याचा काळा जरा करडा-जांभळट दिसतो, रात्री मात्र अप्रतिम. उजेडाच्या हॉलमध्ये ज्या टीव्हीचा पांढरा जास्त तेजस्वी तोच जिंकतो, आणि तो सहसा मिनी एलईडी असतो.

त्यात ओएलईडीची दुसरी अडचण, पूर्ण पडदा एकदम उजळवायला फार वीज आणि उष्णता लागते म्हणून टीव्ही स्वतःच ब्राइटनेस खाली आणतो. छोट्याशा ठिकाणी हजाराच्या वर निट्स देणारा ओएलईडी सगळा पडदा पांढरा झाला, बर्फाचा सीन वगैरे, की त्याच्या कितीतरी खाली येतो. तरी आकड्यांना फार घाबरू नका, डोळा उजेड बेरजेने नाही तर पटीने मोजतो, 1000 चे 2000 निट्स झाले तर दुप्पट वाटत नाही, एक पायरी वाढल्यासारखं वाटतं. एचडीआरच्या, म्हणजे उजेड-अंधारातला जास्त फरक दाखवणाऱ्या चित्राच्या, पद्धतीत 10,000 निट्सपर्यंतची सोय करून ठेवलीय म्हणून घरात तेवढे लागतात असं नाही. बाकी एचडीआरचे प्रकार बघून घ्या, सॅमसंगच्या टीव्हीत डॉल्बी व्हिजन हा प्रकार नसतो, तुम्ही ओटीटीवरच राहणारे असाल तर हे घेण्याआधी माहीत असलेलं बरं.

बर्न-इन बद्दल भीती खूप आहे आणि थोडी खरी आहे. ती कार्बनी रसायनं वापराने झिजतात, निळा सगळ्यात लवकर कारण निळ्या उजेडात ऊर्जा जास्त. जो पिक्सेल जास्त पेटला तो जास्त झिजतो, मग सततच्या लोगोची सावली कायमची राहते. आता आपली मराठी न्यूज चॅनल आठवा, खाली लाल पट्टी, वर लाल पट्टी, कोपऱ्यात लोगो, बाजूला घड्याळ, मधे उरलेल्या जागेत बातमी. घरात आजोबा सकाळी 7 ला चॅनल लावून दुपारी जेवायलाच उठणार असतील तर ओएलईडी घेऊ नका, स्पष्ट सांगतो. उलट संध्याकाळी दोन तास सिनेमा, सिरीज, कधी मॅच असा वापर असेल तर काळजी करायचं कारण नाही. रटिंग्ज या कॅनडातल्या टेस्टिंगवाल्यांनी 100 टीव्ही महिनोन्महिने चालवून बघितले, त्यात ओएलईडीवर न्यूज चॅनलच्या खुणा उमटल्याच, पण ज्या एलसीडीत दिवे फक्त कडेला असतात त्यांचे बॅकलाइट उष्णतेने खराब होतानाही दिसले. म्हणजे एलसीडी अमर आहे अशातला भाग नाही, आणि कडेचे दिवेवाला मोठा टीव्ही तर अजिबात नको.

थोडक्यात माझा हिशोब असा, पडदे ओढून रात्री बघणारे असाल तर ओएलईडी, 65 किंवा बजेट असेल तर 77. दिवसभर उजेडात टीव्ही चालू, मॅच, न्यूज, मुलांचे कार्टून, तर भरपूर झोनवाला मिनी एलईडी, 75, आणि वाचलेल्या पैशात साउंडबार, कारण या सपाट टीव्हींना आवाज काढायला पोटात जागाच नसते. आणि ज्याला बाजूला बसून बघावं लागतं त्याला एकदा शोरूममध्ये कोपऱ्यात उभं करून विचारा, शोरूमचा हा एक खरा उपयोग आहे.

टीव्ही घरी आणणं हे वेगळंच प्रकरण. मोठे पॅनल उभेच न्यायचे असतात, आडवे झोपवले की काचेवर ताण येतो, आणि 75 इंचीचा खोका सोसायटीच्या लहान लिफ्टमध्ये उभा मावत नाही. तिसऱ्या मजल्यावर राहत असाल तर जिन्याचं वळण आधीच मोजून ठेवा. भिंतीवर लावताना मिस्त्रीला तो फोटोफ्रेमसारखा वर लावू देऊ नका, बसल्यावर डोळे जमिनीपासून साधारण मीटरभर उंचीवर असतात आणि पडद्याचा मध्य तिथेच आसपास हवा, 75 इंचीचा पडदा 93 सेंटिमीटर उंच असतो म्हणजे खालची कड जमिनीपासून साधारण 55 सेंटिमीटरवर. खूप खाली वाटेल, सगळे म्हणतील अरे हे काय, लावू द्या त्यांना नावं.

मग सेटिंग. व्हिविड बंद, सिनेमासाठी 'फिल्ममेकर' किंवा 'सिनेमा' मोड. पहिल्या दिवशी चित्र पिवळट वाटतं कारण डोळ्याला निळसर पांढऱ्याची सवय लागलेली असते, पण स्टुडिओत 6500 केल्विनच्या (केल्विन हे पांढऱ्याच्या छटेचं माप) आसपासचा पांढरा धरूनच रंग ठरवलेले असतात आणि दोन-तीन दिवसांत डोळा जुळवून घेतो. मोशन स्मूदिंगचं मात्र बघायचं काय आहे त्यावर ठरवा, सिनेमा सेकंदाला 24 फ्रेमचा असतो, मधे टीव्हीने स्वतःच्या फ्रेम घुसवल्या की कोट्यवधींचा सिनेमा दुपारच्या मालिकेसारखा गुळगुळीत दिसतो, तेव्हा तिथे बंद. ओएलईडीचे पिक्सेल इतके चटकन बदलतात की 24 फ्रेमचा हलणारा सीन उलट धक्के दिल्यासारखा वाटतो, तिथे एक-दोन पायऱ्या ठेवल्या तर चालतं. मॅचला हवी तेवढी ठेवा.