शिमगा, कातळशिल्पं आणि एकाच चावीच्या थिअऱ्या

कोकणातल्या शिमग्यात होळीचा माड उभा राहिला, फाका म्हणजे होळीच्या आरोळ्या सुरू झाल्या की कोणीतरी सांगतंच, हे सगळं मुळात सुफलीकरणाचे, म्हणजे पीक नि संतती वाढावी म्हणूनचे विधी बरं का. या समजामागे बराचसा मानववंशशास्त्रज्ञ जेम्स फ्रेझर आहे. केंब्रिजमध्ये बसून, मिशनरी नि अधिकाऱ्यांनी जगभरातून कळवलेल्या माहितीवर त्याने 1890 मध्ये दोन खंडांचा ग्रंथ काढला, तो पुढे 12 खंडांपर्यंत वाढला, आणि सूत्र काय तर पीक मरतं नि पुन्हा उगवतं, तसाच देव मरतो नि पुन्हा उठतो. त्याच्याआधी संस्कृतचा अभ्यासक मॅक्स म्युलरला बहुतेक कथांत सूर्य आणि उषाच दिसायची!

1987 मध्ये धर्माचा अभ्यासक जोनाथन स्मिथने या मरून उठणाऱ्या देवांचे पुरावे एकेक करून तपासले. इजिप्तचा ओसायरिस मेल्यावर आपल्या जगात परत येतच नाही, तो मृतांचा राजा होतो, आणि ग्रीकांचा अडोनिस उठल्याचे उल्लेख बरेच उशिराचे, ख्रिस्ती काळातले निघाले. अर्थात वाद संपलेला नाही, मेटिंगर या अभ्यासकाने 2001 मध्ये बाल, मेल्कार्त अशा पश्चिम आशियातल्या काही देवांची बाजू परत मांडलीच, पण आता प्रत्येक देवासाठी वेगळा पुरावा द्यावा लागतो आणि मला हीच खरी प्रगती वाटते.

म्हणून आजचा अभ्यासक शिमग्यात आला तर आधी विचारेल की पालखीत देवीची रूपं म्हणजे मुखवटे कोण लावतं, पहिला मान कोणाचा, पालखी कुठल्या वाडीत आधी जाते, पुरलेला नारळ पालखीने शोधायचा म्हणजे खूण काढायची तेव्हा खांद्याला कोण असतं, मुंबईहून आलेल्या चाकरमान्यांमुळे यात काय बदललं. गावाची अख्खी घडी त्यात दिसते, नुसतं सुफलीकरण म्हटलं की ती दिसेनाशी होते.

कोकणात सड्यांवर, म्हणजे जांभ्या दगडाच्या उघड्या पठारांवर, कोरलेल्या कातळशिल्पांचंही तेच. कुडोपीला बाईसारखी आकृती दिसली की लगेच मातृदेवी. तुर्कस्तानात चाताल्ह्युयुक या प्राचीन वस्तीत 1960 च्या दशकात उत्खनन करणाऱ्या मेलार्टनेही अशीच महामाता मांडली होती, पण 1993 पासून पुरातत्त्वज्ञ हॉडरच्या टीमने बारकाईने खोदलं तेव्हा छोट्या मूर्तींत प्राणीच जास्त निघाले. बारसूच्या सड्यावर दोन जनावरांच्या मधे उभा माणूस कोरलाय, त्याला देव म्हणायचं की शिकारी हे नंतर बघू, आधी मोजमाप, ड्रॉइंग, आसपास दगडी हत्यारं मिळतात का याचा शोध, आणि हे लवकर व्हायला हवं कारण जांभ्याच्या खाणी सड्यांवरच चालतात.