बुचर, सुझन हॉवलेट

(२६ डिसेंबर १९५४ – ५ ऑगस्ट २००६). लांब पल्ल्याच्या श्वानस्लेज शर्यतींतील अमेरिकन स्पर्धक. स्लेज म्हणजे बर्फावरून घसरत जाणारी बिनचाकी गाडी; कुत्र्यांची स्लेज हाकणाऱ्याला ‘मशर’ म्हणतात. अलास्कातील अँकरेज ते नोम ही सुमारे १,६०० किमी.ची इडिटारॉड शर्यत बुचर यांनी १९८६, १९८७, १९८८ आणि १९९० अशी चार वेळा जिंकली. ही शर्यत जिंकणारी पहिली स्त्री मात्र लिबी रिडल्स (१९८५).

जन्म मॅसॅचुसेट्स राज्यातील केंब्रिजचा. शहराचा कंटाळा लहानपणापासूनच. शिक्षणानंतर कोलोरॅडोत पशुवैद्यकाच्या हाताखाली काम केले आणि १९७५ मध्ये अलास्का गाठले. पशुवैद्यकाकडचा हा अनुभव पुढे शर्यतीत पदोपदी कामाला आला. इडिटारॉडचे जनक जो रेडिंग्टन यांनी त्यांची जिद्द हेरली. १९७९ मध्ये या दोघांनी गिर्यारोहक रे जेने यांच्यासह ६,१९० मी. उंचीच्या डेनाली शिखरावर कुत्र्यांची स्लेज नेली. असे पूर्वी कोणी केले नव्हते. मोहिमेला ४४ दिवस लागले.

पहिल्या इडिटारॉडमध्ये (१९७८) त्या एकोणिसाव्या आल्या. १९८२ आणि १९८४ मध्ये दुसऱ्या. यशाचे मूळ त्यांच्या श्वानशाळेत होते. युरेका या दुर्गम वस्तीत त्यांनी दीडशेच्या आसपास कुत्री वाढवली. तयार कुत्री विकत घेण्यापेक्षा घरची पिल्ले जन्मापासून हाताळण्यावर त्यांचा भर होता. ग्रॅनाइट हा त्यांचा नामांकित अग्रश्वान पिल्लू असताना अशक्त होता. त्याच्याकडून फारशी अपेक्षा कोणी ठेवली नव्हती. पुढे सलग तीन विजयांत तो आघाडीला होता.

स्लेजच्या कुत्र्याला लगाम नसतो. ‘जी’ म्हटले की उजवीकडे, ‘हॉ’ म्हटले की डावीकडे; हे कळणारा आणि वाट वाऱ्याने बुजली तरी ती पायांनी चाचपून काढणारा कुत्रा पुढे जुंपतात. त्यामागची जोडी वळणावर रांग सांभाळते. स्लेजला लागून असलेल्या शेवटच्या जोडीवर, धुरेच्या बैलांप्रमाणे, ओझ्याचे हिसके येतात, म्हणून तिथे दणकट आणि शांत कुत्री लागतात. ही कुत्री चित्रांतल्या झुबकेदार सायबेरियन हस्कीसारखी क्वचितच दिसतात. अलास्कन हस्की ही चाल, भूक आणि पाय पाहून पैदास केलेली संकरित कुत्री, वजनाने साधारण २० ते २५ किलो.

शर्यत धावण्यात दिसते, पण तिचा निकाल बहुतेक वेळा विश्रांतीत लागतो. साधारण सहा तास धाव आणि तितकाच थांबा असे चक्र अनेक मशर पाळतात. थांबताच बर्फात आकडा रोवून स्लेज अडकवायची. मग प्रत्येक कुत्र्याची कमरेकडची ओढदोरी सोडायची. ती सुटली की काम संपले हे त्याला कळते. पायांतले कापडी बूट काढून अंगाखाली पेंढा पसरायचा. स्पिरिटच्या शेगडीवर बर्फ वितळवून त्यात मांस किंवा मासे घालायचे, कारण दमलेले कुत्रे नुसते पाणी पीत नाही आणि कोरडे पडलेले कुत्रे पुढच्या टप्प्यात बसते. शर्यतीच्या दिवसांत एका कुत्र्याला रोज १०,००० कॅलरींच्या आसपास आहार लागतो. त्यानंतर पायांची तपासणी: सोळा कुत्री म्हणजे चौसष्ट पाय. बोटांच्या बेचक्यांत बर्फाच्या गोळ्या साचून कातडी फाटते. बुटाचा पट्टा जास्त आवळला तर पाय सुजतो. ओला बूट तसाच ठेवला तर तो गोठतो. मलम, मनगटांना मालीश, मग सगळ्यांचे खाणे. हे उरकेपर्यंत दोन तास सहज जातात आणि मशरच्या वाट्याला तासा-दीड तासाची झोप उरते. लंगडणारे कुत्रे वाटेतल्या तपासणी-ठाण्यावर पशुवैद्यांच्या ताब्यात द्यावे लागते. त्याच्या जागी दुसरे जुंपता येत नाही.

सारे नीट करूनही शर्यत हातची जाते. १९८५ मध्ये बुचर आघाडीवर असताना रात्री वाटेत मूस आडवी आली. खोल बर्फात चालणे जड जात असल्याने ही महाकाय हरणे दाबलेल्या वाटेवर येतात आणि मग हटत नाहीत. दोरीला बांधलेल्या कुत्र्यांना पळता येईना. बुचर यांच्याकडे बंदूक नव्हती. कुऱ्हाड उगारून आणि जाकीट फडकावून त्या तिला परतवू पाहत होत्या. मागून आलेल्या ड्युई हॅल्वरसन यांनी मूसला गोळी घातली, तोवर दोन कुत्री मृत्यूच्या वाटेला लागली होती आणि बरीच जखमी झाली होती. बुचर यांनी माघार घेतली. त्याच वर्षी रिडल्स जिंकल्या.

पुढच्या वर्षी बुचर यांनी ११ दिवस १५ तासांत शर्यत मारली आणि १९९० मध्ये ११ दिवस १ तास ५३ मिनिटे असा विक्रम केला. १९७३ च्या पहिल्या शर्यतीत विजेत्याला सुमारे २० दिवस लागले होते, यावरून वाटचालीचा अंदाज यावा. १९९१ मध्ये पाचवे विजेतेपद नजरेच्या टप्प्यात होते. व्हाइट माउंटन हे ठाणे त्यांनी सर्वांत आधी सोडले. नोम तिथून सव्वाशे किमी.च्या आत. पुढे हिमवादळात वाटेच्या खुणा दिसेनाशा झाल्या, तेव्हा त्यांनी तांडा मागे फिरवला. रिक स्वेन्सन मात्र कुत्र्यांपुढे पायी चालत वादळातून पार झाले आणि जिंकले. बुचर तिसऱ्या आल्या. त्यांचा निर्णय चुकला असे म्हणणे सोपे आहे, पण त्या वाऱ्यात वाट हरवलेल्या तांड्याचे काय होते हे जाणणारे तसे म्हणत नाहीत.

१९९४ मध्ये त्या शेवटची इडिटारॉड धावल्या आणि संसाराकडे वळल्या. पती डेव्हिड मॉन्सन हेही मशर. रक्ताच्या जुन्या विकाराचे पुढे ल्युकेमियात (रक्ताच्या कर्करोगात) रूपांतर झाले. अस्थिमज्जारोपणानंतर सिॲटल येथे त्यांचे निधन झाले. अलास्का राज्यात मार्चचा पहिला शनिवार ‘सुझन बुचर दिन’ म्हणून पाळला जातो. इडिटारॉडची मिरवणुकीची सुरुवातही अँकरेजमध्ये त्याच शनिवारी होते.