बेहराम, ठग

बेहराम : (सु. १७६५–१८४० ?). अवधमधील ठगांचा, म्हणजे वाटसरूंना मारून लुटणाऱ्या टोळ्यांपैकी एका टोळीचा, जमादार (म्होरक्या), पुढे ईस्ट इंडिया कंपनीचा माफीचा साक्षीदार. बहराम, बुऱ्हाम अशीही नावाची रूपे आढळतात. त्याच्या नावावर ९३१ खून सांगितले जातात आणि एवढ्या एका आकड्यावर ‘जगातील सर्वांत मोठा खुनी’ अशी त्याची ख्याती झाली. आकडा समकालीन कागदावरचा आहे. मात्र तो कागद काय मोजतो याकडे पुढच्या लेखकांनी फारसे लक्ष दिले नाही.

त्याच्या खाजगी आयुष्याविषयी विश्वसनीय असे थोडेच हाती लागते. १७६५ हे जन्मसाल रूढ असले तरी अंदाजाचेच समजावे. कारकिर्दीचा काळ लोकप्रिय ग्रंथांतून १७९० ते १८४० असा दिला जातो. हा काळ पन्नास वर्षांचा होतो, तर ९३१ चा आकडा ज्या यादीतून आला तीत त्याच्या नावापुढे चाळीसच वर्षे आहेत. शिवाय १८३७ च्या सुमारास तो लखनौ येथे कंपनीच्या ताब्यात राहून जबान्या देत होता. तेव्हा १८४० पर्यंत तो वाटमारी करीत होता, हे संभवत नाही.

ठगांची पद्धत सुपरिचित आहे. पावसाळा सरला की टोळ्या बाहेर पडत, वाटसरूंचा विश्वास संपादन करून त्यांच्याबरोबर मजल-दरमजल चालत आणि सोयीची जागा येताच ठरलेल्या इशाऱ्यावर रुमालाने गळा आवळून सगळ्यांना एकदम संपवीत. कामे वाटलेली असत. सावज गोड बोलून आणणारा सोठा, गळा आवळणारा भुर्तोत, हातपाय धरून ठेवणारा शमसिया, खड्डा खणून प्रेते पुरणारा लुघा. बेहरामच्या आकड्याचा विचार करताना ही श्रमविभागणी डोळ्यांआड करून चालत नाही, कारण एका खुनात तीन-चार जणांचे हात असत आणि जबानीत तो प्रत्येकाच्या खात्यावर पडू शके.

९३१ या आकड्याचा उगम कॅप्टन जेम्स पेटन याच्या टिपणांत आहे. पेटन हा बंगाल तोफखान्यातील अधिकारी. १८३० च्या दशकात लखनौच्या रेसिडेंटचा (दरबारातील कंपनीच्या प्रतिनिधीचा) साहाय्यक म्हणून ठगीविरोधी मोहिमेचे अवधमधील काम त्याच्याकडे होते. माफीच्या साक्षीदारांशी झालेली संभाषणे त्याने लिहून ठेवली आणि एका अनामिक भारतीय चित्रकाराकडून त्यांच्या कृत्यांची चित्रेही काढून घेतली. हे कागद आज ब्रिटिश लायब्ररीत आहेत. (ठगीवरील पुस्तकांत वारंवार छापली जाणारी चित्रे बहुधा हीच. ती जबानीवरून रचलेली आहेत, डोळ्यांनी पाहून काढलेली नव्हेत.) पेटनने वीस ठगांची एक यादी केली. तीत प्रत्येकाची वर्षे आणि त्याने पाहिलेल्या किंवा केलेल्या खुनांची संख्या आहे : बेहराम ४० वर्षांत ९३१, रमजान ३७ वर्षांत ६०४, फत्तेखान २० वर्षांत ५०८, तळाशी अंगनू, अवघे २४. बेरीज ५,१२० आणि सरासरी माणशी २५६.

यादी नीट वाचली की दोन गोष्टी दिसतात. एक, वर्षाकाठी प्रमाण काढल्यास बेहरामला सुमारे तेवीस पडतात, तर फत्तेखानला पंचवीसहून अधिक; म्हणजे क्रौर्याच्या मापाने पहिला क्रमांक बेहरामचा राहत नाही, तो केवळ अधिक काळ टिकला. दुसरी अधिक महत्त्वाची. यादीत ‘पाहिलेले’ आणि ‘केलेले’ यांची सरमिसळ आहे. ज्या मोहिमेत माणूस हजर होता तीतील सर्व बळी त्याच्या नावावर चढले, आणि एकाच मोहिमेत यादीतले दोघे असतील तर तेच बळी दोनदा मोजले गेले. तेव्हा ५,१२० ही बेरीज माणसांची संख्या म्हणून धरता येत नाही. खुद्द बेहरामचे सांगणे बरेच मर्यादित आहे : स्वतःच्या हातांनी गळा आवळलेले सुमारे १२५ आणि आपल्यादेखत मारले गेलेले आणखी सुमारे १५०. ब्रिटिश इतिहासकार माइक डॅश याने याच विधानाकडे लक्ष वेधून ९३१ चा वैयक्तिक विक्रम अग्राह्य ठरवला आहे. त्याचे प्रतिपादन अधिक सयुक्तिक वाटते. अर्थात हेही आकडे वृद्ध कैद्याच्या आठवणीतून आलेले, ‘सुमारे’च्या भाषेतले आहेत.

साक्षीदारांच्या परिस्थितीचाही विचार करावा लागतो. ठगीविरोधी मोहिमेचा प्रमुख विल्यम स्लीमन याच्या जबलपूर येथील कार्यालयाने घडवलेली तपासपद्धती जवळजवळ संपूर्णपणे माफीच्या साक्षीदारांवर उभी होती. त्यांच्या सांगण्यावरून ठगांच्या वंशावळी तयार झाल्या व धरपकड झाली. १८३६ च्या तिसाव्या कायद्याने ठगांच्या टोळीत असणे एवढाच गुन्हा जन्मठेपेस पुरेसा ठरला, विशिष्ट खून शाबीत करण्याची गरज उरली नाही. साक्षीदाराचा जीव त्याच्या उपयुक्ततेवर अवलंबून होता आणि फार पाहिलेला, फार फिरलेला ठग अधिक उपयुक्त ठरे. त्यामुळे फुगवलेल्या आकड्यांत दोन्ही बाजूंचा स्वार्थ होता. पण म्हणून जबान्या सरसकट बनावट ठरत नाहीत, कारण साक्षीदारांनी दाखवलेल्या जागी खणल्यावर अनेक ठिकाणी प्रेते सापडली होती.

ठगीच्या एकूण स्वरूपाविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. स्लीमनच्या परंपरेतील लेखक तिला भवानीच्या उपासकांचा प्राचीन, देशव्यापी पंथ मानतात. स्लीमनचा नातू जेम्स स्लीमन याने १९३३ मध्ये बळींची संख्या दहा लाखांवर नेली आणि बेहरामचे नाव इंग्रजी वाचकांत रुजवण्यात त्याचाही वाटा आहे. याउलट हिरालाल गुप्ता (१९५९) व स्टुअर्ट गॉर्डन (१९६९) यांनी पंथाच्या कल्पनेवरच प्रश्नचिन्ह लावले आणि कंपनीच्या विस्तारकाळातील अस्थिरतेकडे बोट दाखवले. किम वॅगनर याची भूमिका मधली आहे : ठगी ही वसाहतवाद्यांनी रचलेली कल्पित कथा नव्हती, पण ती स्थानिक जमीनदारांच्या आश्रयाने चालणारी वाटमारी होती, धर्माचा भाग इंग्रजांनी वाढवून सांगितला. बेहरामच्या बाबतीतही हीच भूमिका उपलब्ध पुराव्याशी अधिक जुळते. टोळ्यांत हिंदू व मुसलमान दोन्ही असत, बेहराम हे नाव मुसलमानी आहे, आणि तरीही देवीचे शकुन सगळेच पाळत. डॅशच्या अंदाजाने ठगीच्या सुमारे दीडशे वर्षांत मिळून पन्नास हजारांच्या आसपास माणसे मारली गेली असावीत. तोही ढोबळ अंदाजच.

१८४० मध्ये बेहरामला फाशी दिली, असे बहुतेक लोकप्रिय ग्रंथांत सांगितले जाते. माफीच्या साक्षीदाराला सर्वसाधारणपणे फाशी माफ होई व त्याबदल्यात आयुष्यभर नजरकैद पत्करावी लागे. अशांसाठी व त्यांच्या कुटुंबांसाठी जबलपूरला १८३० च्या दशकाअखेर उद्योगशाळा निघाली आणि तेथील तंबू व सतरंज्या नावाजल्या गेल्या. बेहरामच्या फाशीची कथा या पद्धतीशी जुळत नाही, म्हणून १८४० हे साल वर प्रश्नचिन्हासह दिले आहे.