केर्गेलेन कोबी
(शास्त्रीय नाव: प्रिंगलिया अँटिस्कॉर्ब्युटिका, कुल: ब्रॅसिकेसी). दक्षिण हिंदी महासागरातील केर्गेलेन, क्रोझे, हर्ड-मॅकडॉनल्ड आणि प्रिन्स एडवर्ड या द्वीपसमूहांवरच आढळणारी बहुवर्षायू वनस्पती. प्रिंगलिया प्रजातीत ही एकच जाती आहे. मोहरी, मुळा आणि मंडईतला कोबी हे तिचे कुलबंधू. खोड जाड असून त्याच्या टोकाला मोठ्या, मांसल पानांचा झुबका असतो. पानांच्या बगलेतून फुलोऱ्याचे दांडे वर येतात.

तिची फुले हा वनस्पतिशास्त्रातला खरोखर विलक्षण विषय आहे. मोहरी कुलातील बहुतेक वनस्पतींचे परागण कीटक करतात. ४६ ते ५३ दक्षिण अक्षांशांच्या पट्ट्यातील या बेटांवर मात्र वारा जवळजवळ अखंड वाहतो आणि उडणारे कीटक फार थोडे. तेथील काही माश्यांना तर पंखच नाहीत. त्यांतली कॅलिकॉप्टेरिक्स मोझलेई याच कोबीच्या आश्रयाने राहते. त्यामुळे परागणाचे काम वाऱ्याकडे गेले. कीटकांना बोलावणाऱ्या पाकळ्या अनेकदा उगवतच नाहीत आणि परागकण टिपणारी लांब केसाळ कुक्षी फुलाबाहेर डोकावते. स्वपरागणानेही बी धरते.

डिसेंबर १७७६ मध्ये जेम्स कुकच्या तिसऱ्या सफरीतील जहाज केर्गेलेनला थांबले, तेव्हा जहाजाचा शल्यवैद्य विल्यम अँडरसन याने या वनस्पतीचे वर्णन केले आणि रॉयल सोसायटीचे अध्यक्ष जॉन प्रिंगल यांचे नाव तिला दिले. १८४० मध्ये जेम्स क्लार्क रॉसच्या अंटार्क्टिक मोहिमेबरोबर वनस्पतिशास्त्रज्ञ जोसेफ हूकर तेथे आला. पुढे भारतीय वनस्पतींवरील कामामुळे आपल्याकडे सुपरिचित झालेला हूकर तो हाच. मोहिमेच्या ‘एरेबस’ आणि ‘टेरर’ या जहाजांवरील खलाशी मुक्कामभर ही भाजी खात. कधी नुसती उकडून, कधी खारवलेल्या मांसाबरोबर किंवा वाटाण्याच्या सारात शिजवून. पाने चवीला तिखट असतात. त्यांतील क जीवनसत्त्वामुळे स्कर्व्ही (या जीवनसत्त्वाच्या अभावी होणारा रोग) टळे, आणि महिनोन्‌महिने ताजी भाजी न मिळणाऱ्या माणसांसाठी तो जीवनमरणाचा प्रश्न होता.

माणसांनी मात्र या वनस्पतीचे मोठे नुकसान केले. १८७४ मध्ये शुक्राचे अधिक्रमण (शुक्र सूर्यबिंबावरून सरकताना) पाहण्यासाठी आलेल्या ब्रिटिश मोहिमेने केर्गेलेनवर ससे सोडले. तेथे पाला खाणारा मूळचा एकही सस्तन प्राणी नव्हता, त्यामुळे या कोबीला कुरतडण्यापासून कसलेच संरक्षण नव्हते. मुख्य बेटाच्या विस्तीर्ण भागातून ती नाहीशी झाली. ससे न पोचलेल्या लहान बेटांवर आणि कड्यांवर टिकली. १९१३ च्या सुमारास आलेला एक परका भुंगेराही बिनपंखी माश्यांवर तुटून पडला. काही लहान बेटांवरून १९९० च्या दशकात ससे हटवण्यात आले. केर्गेलेन आणि क्रोझे २००६ पासून फ्रान्सच्या राष्ट्रीय निसर्ग राखीव क्षेत्रात, तर २०१९ पासून जागतिक वारसा यादीत आहेत. तरीही केर्गेलेनच्या मुख्य बेटावर ससे आजही आहेत. हर्ड बेटावर मात्र त्यांची वसाहत नाही.