दोन ग्लास, साठ किलो

परवा आमच्या महिला थ्रोबॉल संघाने सामना जिंकला आणि गुडघ्यावरची माती झटकेपर्यंत बेत ठरलाही: संध्याकाळी गंगापूर रोडच्या वायनरीत, सगळ्यांनी दोन-दोन ग्लास. "अगं, वाइन म्हणजे दारू थोडीच? द्राक्षांचा रस तो!" ही नाशिककरांची लाडकी समजूत.

त्या रसाचा हिशेब मांडू. 150 मिलीचे दोन ग्लास म्हणजे 300 मिली. त्यात अल्कोहोल साधारण 12 टक्के, म्हणजे 36 मिली. अल्कोहोल पाण्यापेक्षा हलकं, म्हणून वजन भरतं सुमारे 28 ग्रॅम. ते चरबीत फारसं मुरत नाही, शरीरातल्या पाण्यात पसरतं. बाईच्या शरीरात चरबी जास्त, पाणी कमी. तेवढंच अल्कोहोल कमी पाण्यात, म्हणजे अधिक तीव्र. स्वीडनच्या एरिक विडमार्क यांच्या सूत्रात यासाठी एक गुणक आहे: पुरुषांना सुमारे 0.68, स्त्रियांना 0.55. साठ किलोच्या बाईसाठी 60 गुणिले 0.55, म्हणजे 33. आता 28 ला 33 ने भागा: किलोमागे सुमारे 0.85 ग्रॅम. सगळं एकदम रक्तात उतरलं असं धरलं, तर 100 मिली रक्तात ढोबळमानाने 85 मिलिग्रॅम. तेवढ्याच वजनाच्या पुरुषात 69. गाडी चालवण्याची कायदेशीर मर्यादा आहे 30! शरीर तासाला साधारण 15 मिलिग्रॅमच निपटतं, म्हणजे 85 वरून 30 वर यायला साडेतीन तासांहून जास्त. लिंबूपाण्याने किंवा ब्लॅक कॉफीने हा वेग वाढत नाही. शिवाय अल्कोहोल मूत्रपिंडांना पाणी राखायला सांगणारं व्हॅसोप्रेसिन दाबतं, तेही खेळून आधीच घाम गाळलेल्या शरीरात.

"रेड वाइन हृदयाला चांगली" हा फॉरवर्ड तर आता थांबवाच. कोणतंही प्रमाण सुरक्षित नाही, हे जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी 2023 मध्ये स्पष्ट सांगितलं आहे.

मग मैत्रीचं काय? ऑक्सफर्डमध्ये 12 नौकावहनपटूंना यंत्रावर 45 मिनिटं वल्हवायला लावलं, कधी एकेकटं, कधी एका तालात. नंतर दंडावर रक्तदाबाचा पट्टा फुगवून ते किती कळ सोसतात ते पाहिलं. मेहनत तेवढीच, पण तालात वल्हवल्यावर सहनशक्ती जास्त वाढली. संशोधकांच्या मते हे एंडॉर्फिनचं, म्हणजे शरीरातल्याच वेदनाशामक रसायनाचं काम. माणसामाणसांतली जवळीक घट्ट करणारं रसायन म्हणूनही ते त्याकडे पाहतात.

आमच्यातली सर्वांत थोरली ताई वायनरीत नारळपाणी मागते. मैदानावर चेंडू उंच आला आणि ती "माझा!" ओरडली, की आम्ही सहाही जणी न बघता बाजूला होतो.